नागावला चार दिवस राहून कोणते डोंगर चढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या शेवटी नागपूरहून चार रात्रींसाठी अलिबागजवळ नागावला येताय. तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे सासरे. सासरे रोज सकाळी तासभर फिरतात, पण उतारावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. गड चढण्याची सवय कुणालाच नाही. सकाळी निघून संध्याकाळी घरी, वरून समुद्र दिसायला हवा, आणि ‘फार उंच नको’. शिवाय मुलीला डोंगरासाठी नवे बूट घ्यावेत का, हेही विचारलंय.

अलिबाग तालुक्यात राहून गेली पंचवीस वर्षं मी लोकांना या डोंगरांवर नेतोय. ‘फार उंच नको’ हे मी दर हिवाळ्यात ऐकतो, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

उंचीचा आकडा इथे फसवतो. इंटरनेटवर वाचाल की सिंहगड १३०० मीटरच्या वर आणि आमचा सागरगड जेमतेम ४०० मीटर. मग वाटतं, हा तर तिसरा हिस्सा! पण सिंहगडाच्या पायथ्याचं गावच मुळी सहा-सातशे मीटरवर आहे. आमच्याकडे पायथा म्हणजे समुद्रसपाटी. ४०० मीटरचा डोंगर म्हणजे ४०० मीटरचा चढ, त्यातलं काही फुकट मिळत नाही. तरीही उंची हा आमच्या डोंगरांचा खरा त्रास नाही. खरा त्रास घामाचा आहे.

तुम्ही नागपूरचे, उन्हाचं तुम्हाला कोणी सांगायला नको. पण तुमचं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम अंगावरून निथळतो, वाळत मात्र नाही. त्यामुळे २८-३० अंशांतसुद्धा चढावर अंग आतून तापत जातं. मे महिन्यात नागपुरात सायकल चालवणारा तगडा माणूस आमच्या डोंगराच्या एका साध्या सोंडेवर बसकण मारतो, ते मी पाहिलंय. डिसेंबरात पहाटे नागावला छान गारवा असेल, तुम्ही स्वेटर घालून बाहेर याल आणि म्हणाल, एवढं काय घाबरवतात हे! साडेदहाला त्याच स्वेटरचं ओझं होईल.

आता शाळेच्या भूगोलातलं एक आठवा, मतलई वारे आणि खारे वारे. रात्री जमीन गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा. यांच्या अदलाबदलीच्या वेळी, साधारण दहा ते बाराच्या दरम्यान, वारा पडतो. पान हलत नाही. चढावर त्रास होणारे बहुतेक लोक याच दोन तासांत गळपटतात. दुसरी गोष्ट सावलीची. सागरगड आणि कनकेश्वर या दोन्ही डोंगरांच्या नेहमीच्या वाटा पश्चिम अंगाने चढतात. सूर्य उगवतो पलीकडून. म्हणजे सकाळी बराच वेळ डोंगर स्वतःच्याच सावलीत असतो आणि तुम्ही त्या सावलीतून चढता. डिसेंबरअखेर इथे सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. पावणेसातला पायथ्याशी असाल तर चढाचा मोठा भाग उन्हाशिवाय होतो. साडेनऊला आलात तर सगळी वाट तापलेली, आणि अर्ध्यावर वारा पडलेला. डोंगर तोच, वाट तीच, पण एकाला तो सहल वाटतो आणि दुसऱ्याला शिक्षा. म्हणून माणसं ‘सोपा की अवघड’ विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, निघणार किती वाजता?

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. एका ऑक्टोबरात मीच एका गटाला दहा वाजता सागरगडाच्या वाटेला लावलं होतं. त्यांची गाडी उशिरा आली, मला नाही म्हणवेना. पाऊण वाटेवर त्यातल्या एका तरुण मुलाचं बोलणं तुटक व्हायला लागलं, घाम थांबला, चालताना झोक जायला लागले. झाडाखाली झोपवलं, शर्ट भिजवून अंगावर टाकला, वारा घातला. मग दोघांनी आधार देऊन वरच्या माचीवरच्या वाडीत नेलं. तिथल्या म्हातारीने ओटीवर चटई टाकली, मीठ घालून ताक दिलं आणि मला चांगलंच फैलावर घेतलं, “आवऱ्या उनाचं कशाला येताव?” दोन तासांनी पोरगा उठून बसला. सुटलो म्हणायचं. तेव्हापासून उशिरा आलेल्या गटाला मी किनाऱ्यावर फिरवतो, डोंगराला हात लावत नाही. तुम्ही एकटे असाल तेव्हाही हाच नियम ठेवा. झोप झाली नाही, उशीर झाला, तर तो दिवस डोंगराचा नव्हे.

आता डोंगर.

पहिल्या दिवशी कनकेश्वर करा. सासऱ्यांसकट चौघांनी. नागावहून अलिबाग ओलांडून मापगावपर्यंत गाडीने पाऊण तास धरा. डोंगर हजार-बाराशे फुटांचा, आणि पायथ्यापासून वरपर्यंत दगडी पायऱ्या, सातशेच्या वर. या पायऱ्या १७६४ साली राघोजी आंग्र्यांच्या दिवाणाने बांधून घेतल्या. रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या ज्याने चढल्यात त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल, फक्त लांबी बरीच जास्त. सुरुवातीलाच चढ खडा आहे. तिथे लोक दमतात आणि समजतात की पुढे असंच असणार. तसं नाही. नागोबाचा टप्पा ओलांडला की वाट जरा दम खाऊ देते, झाडी दाट होते, आणि पुढचं गायमांडीचं ठिकाण आलं की मोठा चढ मागे पडलेला असतो. माझा हिशेब साधा आहे. पन्नास पायऱ्या, मग उभ्यानेच वीस श्वास. बसायचं नाही. बसलं की पाय जड होतात, आणि मग दर वळणावर बसावंसं वाटतं. सासरे पुढे राहू देत आणि त्यांच्या चालीने बाकीचे चाला. मुलगी धावत पुढे जाईल, जाऊ द्या. पायऱ्या सोडून वाट नाही, हरवायची भीती नाही.

वर शंकराचं देऊळ आहे, समोर मोठी अष्टकोनी पुष्करणी, आणि भोवती इतकी गर्द झाडी की खाली समुद्र आहे हे विसरायला होतं. देवळाशी बसून घ्या, पण तिथूनच परत फिरू नका. मोकळ्या कडेला जाऊन पश्चिमेला बघा. खाली थळ-किहीमची किनारपट्टी, नारळी-पोफळीच्या वाड्या, थळच्या खत कारखान्याची धुराडी, आणि समुद्रात दोन काळे ठिपके, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये वसवायला घेतली. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं होतंय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं पाठवून अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. मुलीला हे तिथे उभं राहून सांगा. तेवढ्या उंचीवरून बघितलं की मुंबईच्या बंदरात शिरणाऱ्या जहाजाला या बेटाच्या नजरेतून सुटणं किती कठीण होतं, ते समजावून सांगावं लागत नाही.

गुडघ्याचा प्रश्न चढताना नाही, उतरताना आहे, हे सासऱ्यांना माहीत असेलच. पायऱ्या एकसारख्या नाहीत, कुठे वीतभर तर कुठे दीड वीत. उतरताना काठी हवीच, आणि ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात, म्हणजे त्यांच्या डाव्या हातात. पायरी उंच असेल तर तोंड बाजूला वळवून, दुखरा पाय आधी खाली टाकायचा. घाई करणारा माणूस त्यांच्या मागे ठेवू नका. चढायला दीड तास लागला तर उतरायलाही सव्वा तास द्या. वर माकडं आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाऊचीच असं त्यांनी ठरवून टाकलंय, तेव्हा सगळं पाठीवरच्या पिशवीत.

हा दिवस तुमची परीक्षाही आहे. कनकेश्वर हसतखेळत झाला तर सागरगडाला जा. नाही झाला तर सागरगड यावेळी सोडा. डोंगर कुठे जात नाही.

सागरगड मात्र माझा लाडका आहे आणि त्याच्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार. अलिबाग-पेण रस्त्यावर अलिबागपासून पाच-सहा किलोमीटरवर खंडाळे गाव आहे, तिथून वाट सुरू होते. सासऱ्यांना या दिवशी घरी ठेवा, किंवा नागावच्या सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून द्या. सपाटीवर ते तुम्हा सगळ्यांना हरवतील, पण इथला उतार मुरमाड आहे. हिवाळ्यात गवत वाळतं, आणि मुरमावरचं वाळलं गवत म्हणजे तेल ओतलेली फरशी.

गावातून निघाल्यावर ओढ्याच्या कडेने वाट आत शिरते. समोर धोंधाण्याचा धबधबा, म्हणजे डिसेंबरात त्याची काळी भिंत आणि तिच्यावरून ओघळणारी एखादी धार. पावसाळ्यातले फोटो बघून आलात तर हिरमोड होईल. पण मला ती कोरडी भिंतच आवडते. लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसलेत ते पाण्याआड दिसत नाही, ते आता दिसतं. मग वाट सोंडेवर चढते आणि तासाभरात सिद्धेश्वराचं देऊळ येतं. इथे पाणी पिऊन घ्या, मुलीला खायला द्या. आत्तापर्यंतचा चढ हा दिवसाचा सगळ्यात मोठा चढ होता, हे तिला इथेच सांगा, पोरांचा जीव भांड्यात पडतो.

पुढे रूपच बदलतं. चढून वर आलात की समोर टोक नसून माळ पसरलेला असतो. शेतं, आंब्याची झाडं, सागरगड माचीची घरं. किनाऱ्यावरून बघताना हा डोंगर नुसता निळा उंचवटा वाटतो, त्याच्या डोक्यावर असं गाव नांदत असेल याची कल्पना येत नाही. माचीत घराबाहेरून हाक मारून विचारलंत तर चहा, सांगून ठेवलंत तर भाकरी-कालवण मिळतं. पैसे द्या, आणि किती ते तुम्हीच आधी विचारा. संकोचाने लोक कमी सांगतात. गडावर जाताना वाडीतलाच कुणीतरी वाटाड्या घ्या. वाट सापडत नाही असं नाही, पण गुरांच्या वाटा तीन-चार ठिकाणी फसवतात, आणि चुकलेली प्रत्येक वाट कारवी-करवंदीच्या जाळीतच जाते.

माचीपासून गड अर्ध्या-पाऊण तासावर. दरवाजा आणि तटबंदी पडझडीची, आत पाण्याची टाकी, महादेवाचं लहान देऊळ, सतीचा माळ. भव्य वाडे-महाल शोधाल तर निराश व्हाल. हा पहाऱ्याचा गड आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले त्यांत याचं नाव खिरदुर्ग म्हणून येतं. एवढ्याशा गडाचं नाव तहात का, याचं उत्तर टोकाला गेल्यावर मिळतं. त्याला वानरटोक म्हणतात. समोर कड्यापासून सुटलेला एक सुळका उभा आहे. पश्चिमेला अलिबागचा किनारा, कुलाबा किल्ला पाण्यात मांडून ठेवल्यासारखा. उलट अंगाला गेलात तर धरमतरची खाडी नागमोडी पसरलेली, आणि हवा स्वच्छ असेल तर तिच्यापलीकडे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. समुद्रातून येणारा आणि खाडीतून येणारा, दोघंही एका जागेवरून दिसतात. इथे बसा, तासभर बसा. फक्त कड्याच्या काठापासून चार पावलं आत, मुलीचा हात धरून. काठावरचं गवत खाली जमीन आहे असं भासवतं.

कडा असला की मधमाश्यांचं मोहोळ असू शकतं. ओरडाआरडा नको, अत्तर-स्प्रे नको, सिगारेटचा धूर तर नकोच. आणि दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. कोकणात फुरसं असतं, विषारी साप, वीत-दोन वीत लांबीचा, मातीच्या रंगाचा, आणि भलताच तापट. मला पंचवीस वर्षांत मोजून चार-पाच वेळा दिसलंय, दर वेळी कुणीतरी बूड टेकायच्या आधी काठीने दगड खडखडवला म्हणून.

चढायला अडीच तास, वर दीड-दोन, उतरायला दोन. साडेसहाला निघालात तर दीडपर्यंत खंडाळ्यात. माणशी दोन लिटर पाणी, मुलीलाही दीड. त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर आणि चव कळेल इतकं मीठ. नुसतं पाणी पीत राहिलात तर पोट भरेल, अंगात त्राण येणार नाही.

आता कुलाब्याचं. तुम्ही डोंगर विचारलेत, पण अलिबागला येऊन ओहोटीत कुलाब्यावर चालत न जाणं म्हणजे पंक्तीत बसून पुरणपोळी न घेणं. त्याची वेळ मात्र तुम्ही ठरवायची नाही, चंद्र ठरवतो. आमच्याकडची जुनी रीत सांगतो, कालनिर्णय घ्या आणि तिथीला पाऊणने गुणा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे धरा.

यात एक खोच आहे, जी पाहुण्यांना कोणी सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतं, किल्ल्यापर्यंतचा तळ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढतही कमी, ओसरतही कमी, त्यामुळे दुपारी बाराची सोयीची ओहोटी असूनही वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं. चालायला सगळ्यात चांगल्या तिथी द्वितीया ते चतुर्थी, दोन्ही पक्षांतल्या. सकाळी आठ-नऊला ओहोटी आणि तळही मोकळा. तुमच्या चार दिवसांत अशी तिथी येत असेल तर ती सकाळ कुलाब्याला द्या, डोंगर दुसऱ्या दिवशी. सासरेही चालत येतील, ओली वाळू गुडघ्याला बरी असते. भांग असेल तर घोडागाडी करा. पाणी ओसरत असतानाच आत जायचं आणि ते फिरायच्या आत परत किनाऱ्याला. “अजून थोडा वेळ” म्हणणारे दरवर्षी आत अडकतात. महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांची राजधानी झालेला हा किल्ला आहे. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागेत गोड्या पाण्याचा तलाव. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. ते मुलीला शोधायला लावा.

सूर्यास्तासाठी कोर्लई. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावमार्गे नागावहून पाऊण तास. गाडी दीपगृहाजवळ जाते, तिथून वीसेक मिनिटांत किल्ल्यात. टेकडी शंभर मीटरसुद्धा नाही, पण तीन बाजूंनी पाणी असल्याने तिच्या चिंचोळ्या पाठीवरून चालताना जहाजाच्या डेकवर असल्यासारखं वाटतं. सासऱ्यांना चालेल. हा एकच चढ मी दुपारी चारनंतर सांगतो, कारण तोवर खारा वारा सुटलेला असतो आणि टेकडी त्याच्या तोंडावरच आहे. १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने इथे किल्ला उभारायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी तो हिसकावला. समोर खाडीपलीकडे रेवदंडा त्यांचाच होता. चर्चचे अवशेष, दगडावरची पोर्तुगीज अक्षरं अजून आहेत. त्याहून जिवंत अवशेष खाली गावात आहे. कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात आणि तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. किल्ला बघून तसेच गाडीत बसू नका, गावातून सावकाश या. फक्त अंधार पडायच्या आत खाली उतरा. सूर्य साधारण सहा-दहाला बुडतो, शेवटचा उजेड वीस मिनिटं.

चौथ्या दिवशी समुद्र नाही दिसला तरी चालणार असेल तर फणसाड. मुरूड-रोह्याच्या मधलं हे जंगल जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. सुपेगावच्या फाटकावर नोंद करून वाटाड्या घ्यायचा आणि सकाळी सातला आत शिरायचं. चढ जवळजवळ नाही, सावली भरपूर. पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात. त्या बाजूला गप्प बसलात तर शेकरू दिसण्याची बरी आशा आहे. तुम्ही ताडोब्याच्या जवळचे, वाघाची सवय असलेले. इथे वाघ नाही, आधीच सांगतो. इथे गारंबी बघायची. हा वेल झाडावरून झाडावर इतका लांब जातो की त्याचं मूळ कुठलं आणि शेंडा कुठला हे सांगता येत नाही, आणि शेंगा हातभर लांब. मुली झोका घ्यायला धावतात, घेऊ देऊ नका, वेल जुने आहेत.

रोह्याच्या बाजूला अवचितगड, घोसाळगड, तळगड आणि कुडा लेणी आहेत. सगळी सुंदर, आणि अवचितगडाची वाट तर झाडीतून जाते. पण नागावहून जाऊन-येऊन गाडीतच तीन-साडेतीन तास मोडतात, म्हणजे सकाळची सावली रस्त्यात संपते. त्यांच्यासाठी रोह्यात एक रात्र हवी. रायगडाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नागावला आलेला प्रत्येक जण तिसऱ्या दिवशी विचारतो, “एवढे आलोच आहोत तर रायगड?” नको. पाचाडला मुक्काम करून, पहाटे पायऱ्यांनी चढण्याचा तो गड आहे. त्याला शेपटासारखा सहलीच्या मागे जोडू नका.

सागरगडाच्या दिवशी जेवायला काय, हे तुम्ही उतराल त्या घरच्या यजमानीणबाईंवर सोडा. शेंगा तयार झाल्या असतील तर पोपटी करता का, एवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा चिकन, मडकं उलटं करून वरून जाळ. पाण्याचा थेंब नाही. डोंगर उतरून आलेल्या माणसाला याच्याइतकं दुसरं काही नको असतं.

बुटांचं राहिलं. डोंगराचे नवे घेऊ नका. तुम्ही येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत मुलीच्या पायाला ते सरावणार नाहीत आणि सिद्धेश्वरापर्यंत टाचेला फोड येईल. ती शाळेत खेळायला घालते तेच बूट उलटे करून बघा. तळाच्या खाचांत नखाचं टोक रुतत असेल तर चालतील, तळ गुळगुळीत झाला असेल तर जाड खाचांचे साधे खेळाचे बूट आजच घ्या आणि येईपर्यंत रोज शाळेला घालू द्या. सोबत सुती मोज्यांचे दोन जोड. कुलाब्याला मात्र जुन्या चपला, खाऱ्या पाण्यात भिजलेले बूट नागावच्या हवेत दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाहीत.